आपोआप

आमचं संस्थान एका जागी नव्हतं. त्याची काही गावं सातारा जिल्ह्यात होती, काही सांगलीकडे, आणि मधेमधे इंग्रजांचा मुलूख. त्या मुलखाला आम्ही खालसा म्हणत असू. माणच्या बाजूचं आमचं गाव तर असं होतं, की मेंढरं सकाळी संस्थानात चरत आणि दुपारी ओढा ओलांडून खालशात पाणी पीत. मेंढरांना त्याचं काही नव्हतं. आम्हाला मात्र होतं, कारण शाळा आमच्या बाजूला होती आणि पलीकडच्या गावाला नव्हती. त्या शाळेत मी शिकलो, साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो आणि सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालो. राजेसाहेबांनी फी माफ केली नसती तर यातलं काहीच झालं नसतं. माझ्याआधी आमच्या घरात कुणालाही सही करता येत नव्हती.

राजेसाहेबांचे उपकार मी चारचौघांत सांगत असे. दुसरे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत, कारण ते घरातले होते. माझे धाकटे चुलते, ज्यांना मी तात्या म्हणे, ते मेंढरं घेऊन महिनोन्महिने कृष्णाकाठच्या रानांत हिंडायचे. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. आम्ही दोघं एकदमच शाळेत गेलो. पुढे एकानं शिकायचं तर दुसऱ्यानं मेंढरांमागं जायचं असं घरात ठरलं. कुणी शिकायचं आणि कुणी जायचं, हे माझ्या वडिलांनी ठरवलं. ते थोरले होते. तात्या त्या वेळी काही बोलले नाहीत. पुढे मात्र मला पाहिलं की म्हणायचे, "आले का साहेब? मेंढरांनी सलाम सांगितलाय." मी हसायचो. ते हसायचे नाहीत.

बी.ए. झाल्यावर मला संस्थानाच्या कचेरीतच नोकरी लागली. ती लावून दिली चिटणिसांनी. चिटणीस म्हणजे कचेरीचा सगळा लिखापढीचा कारभार पाहणारे गृहस्थ. पन्नाशी उलटलेले, काळा कोट, स्वच्छ धोतर, बोलणं हळू. मला त्यांनी स्वतःच्या शेजारी बसवून मसुदा कसा करायचा ते शिकवलं. माझ्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाई' निघालं की ते रागवत नसत. फक्त तेच वाक्य शांतपणे शुद्ध करून म्हणून दाखवत. वर्षभरात माझं बोलणं कचेरीत शोभेल असं झालं. गावी गेल्यावरही मी तसंच बोलू लागलो.

सत्तेचाळीस साली इंग्रज गेले. आजूबाजूच्या लहान संस्थानांनी एकत्र येऊन एक संघ केला. राजेलोकांनी एकमेकांना शब्द दिला, समारंभ झाला, आमच्या कचेरीत संघाच्या नावाचे शिक्के आले. ते शिक्के अजून नवेच होते, एवढ्यात वारं फिरलं. संक्रांतीच्या सुमाराला सभा होऊ लागल्या: संघ नको, सरळ मुंबई प्रांतात जाऊ. राजेसाहेबही कबूल झाले. प्रश्न उरला तो हे लोकांना सांगायचं कसं याचा. गावोगाव दवंडी द्यायची होती, चावडीवर जाहीरनामा वाचायचा होता, आणि त्यात संघाचं नेमकं काय झालं म्हणून लिहायचं, यावर कचेरीत रोज वाद होऊ लागला.

प्रजेच्या बाजूनं बोलायला गावातले एक वकील येत. तरुण, खादी घालणारे, बोलताना लवंग चघळणारे.

"संघातून बाहेर पडलो, असं लिहा," ते म्हणाले. "सरळ आहे."

"बाहेर पडलो म्हटलं की लोक विचारतील, का पडलात," चिटणीस म्हणाले. "महाराजांनी शब्द दिलाय. बाकीचे राजेलोक काय म्हणतील?"

"मग फुटलो म्हणा."

"फुटायला आपण काय दरोडेखोरांची टोळी आहोत?"

"मग प्रजेनं संघ झुगारला, असं लिहा."

"झुगारला! वकीलसाहेब, संघाच्या समारंभात पेढे मागून घेतले होतेत तुम्ही."

वकील हसले. "पेढ्यांशी माझं वैर नव्हतं."

चिटणिसांच्या मनात 'विसर्जन' होतं. "गणपतीचं करतो ना आपण? मानानं आणतो, मानानं पोचवतो. त्यात कुणाचा अपमान नाही."

"गणपती पुढल्या वर्षी परत येतो, चिटणीस. हा परत यायला नको आहे."

असं बरंच चाललं. मी टाक घेऊन बसलो होतो. कधी 'सोडला' लिहायचो, कधी 'मोडला', आणि खोडायचो. शेवटी भीत भीत म्हणालो, "संघ आपोआप संपुष्टात आला आहे, असं लिहिलं तर?"

चिटणिसांनी तो शब्द स्वतःशी दोनदा म्हणून पाहिला. "आपोआप. म्हणजे कुणी सोडला नाही, कुणी मोडला नाही. वा! तयार झालास रे."

वकिलांनी लवंग गालात सारली. "खोटं आहे. पण कुणाचं नाव येत नाही. चालेल."

त्या दिवशी मला जो आनंद झाला तो बी.ए.चा निकाल लागला तेव्हाच्या आनंदासारखाच होता. एवढ्या मोठ्या माणसांना न सुटलेली गाठ मी सोडवली होती, असं मला वाटत होतं.

आमच्या गावात दवंडी झाली तेव्हा मी सुटीवर तिथंच होतो. कोतवालानं हलगी वाजवली, माणसं चावडीपुढे जमली आणि पाटलांनी कागद माझ्याच हातात दिला. मी खणखणीत आवाजात वाचला. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी खालसा झालो व्हय आपण?"

"खालसा नाही," मी म्हणालो. "संघ संपला. आता आपण मुंबई प्रांतात सामील होणार."

"संपिवला कुणी पर?"

"कुणी नाही. आपोआप संपला."

तात्या चावडीच्या पायरीवर काठी टेकून बसले होते. खडकावरून घसरून पाय दुखावल्यामुळे त्या वर्षी ते घरी होते, मेंढरं त्यांचा मुलगा घेऊन गेला होता. ते म्हणाले, "आपोआप काय होतंय रं गड्या? शेळीसुदिक आपोआप व्यात न्हाई. बोकड लागतोय."

सगळी चावडी हसली. पाटीलसुद्धा हसले. मी कागदाची घडी घालत राहिलो. हसले नाहीत ते फक्त माझे वडील. घरी जाताना ते वाटेत थांबले.

"ह्यो शबुद तू काढलास?"

"होय, आबा."

"लय चांगला हाय."

आबा कधी कुणाचं कौतुक करत नसत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

त्यांनी मोटारीच्या रस्त्याला दोन खणांचं घर बांधायला घेतलं होतं. गुरांसाठी म्हणून बांधतो, असं ते सांगत. ते राहण्यासाठी आहे, हे आईला ठाऊक होतं, चुलतीलाही ठाऊक असावं. मुलगा नोकरीला लागला, आता पाठीमागं मेंढरांचा राबता कशाला, असं आबांच्या मनात आलं होतं. पण तसं ते उघड बोलू शकत नव्हते आणि त्याला कारण होतं बिरोबाचा ढोल.

चैत्रात आमच्या गावी बिरोबाची जत्रा भरते. तिथं ढोलाच्या ठेक्यावर रिंगण धरून धनगर मंडळी गजी नाचतात. त्या रिंगणाचा पहिला ढोल वाजवायचा मान आमच्या घराचा. घरात जो थोरला तो वाजवणार, म्हणून माझ्या आजोबांनंतर आबा वाजवत. ढोल गळ्यात आला की एरवी चार शब्द न बोलणारा हा माणूस वेगळाच दिसायचा. खांदे सरळ व्हायचे, मान वर जायची. आबांना दुसरी कसली हौस मी पाहिली नाही. पण गावाचा रिवाज असा, की भाऊ वेगळे झाले तर देवापुढं भंडारा उचलून, म्हणजे देवाची हळद मुठीत घेऊन, काय झालं ते सांगावं लागतं. एक भाऊ जुनी चूल सोडून गेला असेल तर तो मानही सोडून गेला, ढोल चुलीपाशी राहणाऱ्याचा. घरच मोडलं असेल, कुणी कुणाला सोडलं नसेल, तर मान थोरल्याकडे राहतो.

"आता बघ," आबा म्हणाले. "मी कुटं सोडून चाललोय? बाया एकमेकींशी बोलत न्हाईत. धाकल्याचं माझं पटत न्हाई. ह्ये आपोआपच झालंय का न्हाई? तू देवाम्होरं तेवढं सांग. तू बोललास तर कोण खोटं म्हणंल? शिकलेला हायस."

मी काही बोललो नाही. त्यांनी तो होकार धरला. मला लाज वाटली. कचेरीत ज्या शब्दानं माझी मान वर झाली होती, तोच माझे वडील दोन्ही हात पसरून माझ्याकडे मागत होते. आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं ते हे.

मी कचेरीत परत गेलो आणि थोड्याच दिवसांत दिल्लीतल्या त्या खुनाची बातमी आली. आमच्या भागात काय झालं ते लोकांना माहीत आहे. ब्राह्मणांची घरं पेटली. आमच्या संस्थानाच्या गावातही माणसांचे घोळके फिरले, आणि त्यात चिटणिसांचं घर गेलं. माणसं वाचली. पुढे ते कचेरीत आले तेव्हा अंगात दुसऱ्या कुणाचा तरी कोट होता. बाह्या बोटांवर येत होत्या आणि ते त्या मागं सारत होते. मी उभा राहिलो. गर्दीत माझ्या ओळखीचे लोक होते, हे मला कळलं होतं आणि त्यांनाही.

"बस," ते म्हणाले. "राजवाड्यावर अहवाल द्यायचाय. घे."

मी टाक घेतला. ते सांगू लागले, "शहरात काही घरांना आगी लागल्या..." आणि थांबले. बाही पुन्हा मागं सारली.

"माझ्या दारात आले होते ना, त्यांतले निम्मे मला वाटेत भेटले की नमस्कार करायचे. एक जण तर म्हणाला, काका, बाहेर या, तुम्हाला काही करत नाही. हाताला धरून त्यानंच मला उंबऱ्याबाहेर काढलं. मग घर पेटवलं." ते खिडकीकडे पाहत होते. "त्या आगी लागल्या हे खोड. लोकांनी घरं जाळली, असं लिही."

"कुणी, तेही लिहू?"

"नको. तेवढं बळ माझ्यात नाही. पण जाळली, एवढं लिही."

मी लिहिलं. कागद वाळत असताना ते म्हणाले, "तुझा तो शब्द मला फार आवडला होता." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. पुढल्याच आठवड्यात ते मंडळींना घेऊन पुण्याला निघून गेले. जाताना माझ्या हातात त्यांनी आपलं पितळी कलमदान ठेवलं. घरातलं तेवढंच उरलं होतं, कारण ते कचेरीत होतं.

शिमगा झाला आणि आबांनी मला बोलावून घेतलं.

बिरोबाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर सकाळीच माणसं बसली होती. मधे म्हातारा पुजारी, एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला पाय लांब करून तात्या. आई आणि चुलती लिंबाखाली उभ्या होत्या. एकमेकींपासून दूर, पण दोघींचे पदर सारखेच तोंडावर. आबांनी नवं पागोटं बांधलं होतं.

"कोण बोलणार?" पुजाऱ्यानं विचारलं.

"पोरगं बोलंल," आबा म्हणाले. "बीए झालेलं हाय."

"बोलू द्या की," तात्या म्हणाले. "त्याच्या शिक्षणापायीच तर माझ्या मेंढरांनी निम्मा मुलूख बघितला. ऐकू तरी काय शिकलाय त्ये."

दोघं-तिघं हसले. पुजाऱ्यानं ताट पुढं केलं. मी मूठभर भंडारा उचलला.

"सांग बाळा. चूल सोडून कोण चाललंय? का घरच मोडलंय?"

आबा माझ्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. मी जे म्हणायचं ते आधीच म्हणत होते. मला वाक्य पाठ होतं. एकत्र कुटुंब आपोआप संपुष्टात आलं आहे. मी तोंड उघडलं आणि मला चिटणिसांची ती लांब बाही दिसली. समोर तात्यांचा सुजलेला पाय होता. त्या पायानं माझी फी भरली असं म्हणणं खोटं होईल, फी माफ होती. पण बाकी सगळं त्या पायानंच भरलं होतं. आता त्या माणसाला गावापुढं सांगायचं, की तुला कुणी सोडलं नाही, जे झालं ते झालं.

"आबा चूल सोडून चाललेत," मी म्हणालो. "आमी येगळं निघालोय. घर मोडल्यालं न्हाई. तात्या हाय तितंच हायेत."

कित्येक वर्षांनी मी असा बोललो होतो. भंडारा घामानं तळहाताला चिकटला होता.

आबा ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं आणि एकटक त्याच्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "बरं."

"मग ढोल धाकल्याचा," पुजारी म्हणाला.

तात्या आनंदतील, निदान एखादा टोला मारतील, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. ते आबांकडे वळले. "आवं दादा, औंदा तुमीच वाजवा की. माझा पाय असा. मला कुटं येतंय?"

"भंडारा उचललाय," पुजारी म्हणाला. "आता त्ये न्हाई."

तेव्हा तात्या माझ्यावर उखडले. "आणि तू रं! येवढी बुकं वाचलीस, दुनियेला सांगत फिरतूस आपोआप आपोआप. बापासाठी येकदा म्हणायला काय जीव जात हुता तुजा?"

ज्यांच्यासाठी मी बोललो असं मला वाटत होतं, तेच मला विचारत होते. आणि ज्यांच्याविरुद्ध बोललो ते पागोट्याचा पीळ बोटानं सारखा करत होते. तिथं जमलेल्यांपैकी कुणीही मला खोटा म्हटलं नाही. तरी मला वाटत होतं, उठावं आणि ओढ्यापलीकडे चालत सुटावं.

त्याच दिवशी आम्ही रस्त्याच्या घरात राहायला गेलो. नव्या चुलीत जुन्या चुलीतला विस्तव न्यायचा असतो. चुलतीनं तो खापरात घालून आईच्या हातात दिला आणि वर गोवरीचा तुकडा ठेवला, वाटेत विझू नये म्हणून.

संस्थान मुंबई प्रांतात गेलं. ज्या शब्दावर कचेरीत एवढा काथ्याकूट झाला, तो कुणाच्याच तोंडात राहिला नाही. वकील भाषणांतून 'संघ झुगारला' म्हणत राहिले. आमच्या गावात लोक सरळ 'खालसा झालं तवा' म्हणतात, आजही. माझी नोकरी नव्या सरकारात तशीच राहिली. पगार आला की मी आबांच्या हातावर ठेवायचो. ते घ्यायचे, पण माझ्याशी बोलायचे ते आईमार्फत.

चैत्रात जत्रा भरली. आबा येणार नाहीत असं आईला वाटत होतं. ते आले. नारळवाल्याच्या पालापाशी, गर्दीच्या कडेला उभे राहिले. रिंगण धरलं गेलं. तात्यांनी ढोल गळ्यात घातला, लंगडत मधे गेले आणि पहिली टिपरी मारली. ती उशिरा पडली. दुसरी त्याहून उशिरा. नाचणाऱ्यांचे पाय चुकले, कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली.

मी आबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर पडत होता, बरोबर ठेक्यात, आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

"दम धर, धाकल्या!" ते एकदम ओरडले. "डावा हात आदी! डावा!"

सगळी गर्दी वळून पाहू लागली. तात्यांनी मान हलवली, डावा हात आधी टाकला. ठेका लागला. आबा पालापाशी उभे राहून बोलत होते, "हां, आता हळू... हां, आता सोड," आणि रिंगण फिरू लागलं.

मी गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ गेलो, शेजारी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरचा हात तेवढा थांबला. मग ते नारळाच्या ढिगाला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिथून पुन्हा ठेका सांगू लागले.